ओढ्यापलीकडचे कुरण

त्या उन्हाळ्यात ओढा इतका आटला की पलीकडे जायला फळीची गरज उरली नाही. मृणालिनीबाई तरीही फळीवरूनच जात. ओढ्याच्या मध्यातून दोन देशांची हद्द गेली होती, आणि हद्द तुडवीत जाणे त्यांना सभ्यपणाचे वाटत नसे. अलीकडे नेदरलँड्स, तिथे त्यांचे घर, गोठा आणि करपून पिवळी पडलेली दोन शेते. पलीकडे जर्मनीतला बोर्केन जिल्हा, आणि त्यात खंडाने घेतलेले कुरण. जमीन दोन्हीकडची वाळूचीच, पण कुरण सखल होते. जुन्या दलदलीचा ओलावा त्याच्या पोटात अजून होता, म्हणून अलीकडचे गवत जळाले तरी पलीकडचे गुडघाभर उभे राहिले.

गोठ्यात बारा जर्सी गाई होत्या. त्यांच्या दुधाचा चक्का, पनीर आणि तूप आइंडहोवन, उइटहॉर्न, झूटरमेर इथल्या मराठी घरांत जाई. हा व्याप सुनेचा, सुरुचीचा. ती वाखेनिंगेनला मातीचा अभ्यास करायला आली आणि मातीतच राहिली. मुलगा हरीश आठवडाभर आइंडहोवनला यंत्रांच्या कंपनीत असे आणि शुक्रवारी रात्री घरी येई. कुरणाचे गवत वाळून गोठ्यावरच्या माळ्यात गेले, तर गाई हिवाळा काढणार होत्या. नाही तर पानगळीआधी निम्म्या विकाव्या लागणार, हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होते.

त्यात आणखी एक काटा होता. कुरणाची मालकीण बोखोल्ट शहरात राहणारी म्हातारी बाई. गेल्या वर्षी कुरणात काटेरी झुडपे माजली, ही गोष्ट तिच्या कानावर गेली. या उन्हाळ्यात गवत वेळेवर कापून उचललेले दिसले नाही, तर कुरण दुसऱ्याला देईन, असे तिने सुरुचीला स्पष्ट सांगितले होते.

"कानावर गेली कशी?" मृणालिनीबाईंनी तेव्हाच विचारले होते. "बोखोल्टहून तिला झुडपं दिसतात का?"

उत्तर त्यांचे त्यांनीच शोधून ठेवले होते. कुरणाला लागून बेर्न्ड टेनहागेनचे मक्याचे शेत होते. मक्यामागे लाल विटांचे त्याचे घर, डुकरांची लांबच लांब शेड आणि शेणापासून गॅस करण्याचा हिरवा घुमट. सुरुचीने खंडाने घेण्याआधी हेच कुरण बेर्न्ड कापत असे.

मृणालिनीबाईंचा जन्म नीरेच्या कालव्यावर गेला होता. पाण्याच्या पाळीला फावडे घेऊन उभ्या राहिलेल्या त्या बाई. भावकीतली माणसे हसतखेळत चहा पितात आणि दर नांगरटीला बोटभर बांध कोरतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यामुळे इथे आल्यावर पहिल्या महिन्यातच त्यांनी कुरण आणि मक्याच्या मधले हद्दीचे दगड गवतातून शोधून काढले आणि त्यांना सुरुचीकडून पांढरा चुना लावून घेतला. चुना वाळत असताना बेर्न्ड ट्रॅक्टरवरून पाहत होता. त्याने टोपीला हात लावला. मृणालिनीबाईंनी लावला नाही.

"आई, अहो, इथे सॅटेलाइटनं मोजतात जमीन," सुरुची म्हणाली होती. "कुणी बांध कोरत नाही."

"सॅटेलाइट नांगरटीच्या दिवशी येतो का बघायला?"

शेजाराचीही एक गोष्ट अर्धवट राहिली होती. या टापूत, ओढ्याच्या दोन्ही बाजूंना, नव्याने आलेल्या घराने भोवतालच्या घरांना स्वतः जाऊन बोलवायचे, बसवायचे, बिअरचा ग्लास हातात द्यायचा, अशी रीत होती. ते झाले की शेजार झाला. तोवर लोक हात करत, हवापाण्याबद्दल बोलत, पण फाटकाच्या आत पाऊल टाकत नसत. सुरुचीने यादी केली होती, तारीखही धरली होती. मृणालिनीबाईंनी ती मोडली.

"माझ्या घरात दारूचा थेंब येणार नाही. पाजून जोडलेली माणसं मी गावाकडे पुष्कळ बघितलीत. ग्लास रिकामा झाला की शेजार संपला."

हरीश म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." त्या गोष्टीला आता दोन उन्हाळे झाले होते.

शनिवारी हरीशने कुरण कापले. रविवारी, सोमवारी सुरुचीने छोट्या ट्रॅक्टरमागे यंत्र जोडून गवत उलथले. मंगळवारी गवताला चहाच्या पत्तीसारखा वास सुटला. मुठीत धरले की करकरे. गठ्ठे बांधणारा कंत्राटदार मंगळवारी संध्याकाळी येणार होता. त्याने फोन करून सांगितले की बुधवारी येतो. सखल कुरणे एकाच वेळी तयार झाली म्हणून सगळ्या जिल्ह्याने एकदमच गवत पाडले होते, आणि यंत्रे मोजकी. बुधवारी सकाळी त्याने फोनच उचलला नाही.

"संध्याकाळपर्यंत पाऊस," सुरुची मोबाइल पाहत म्हणाली. "आणि एक दिवसाचा नाही. आठवडाभर दाखवतायत."

"मोबाइल ठेव. दाताळं घे."

दोघी कुरणात उतरल्या. सुरुची दाताळ्याने गवत ओढून ओळी करू लागली, आणि मृणालिनीबाई काट्याने ते छोट्या ट्रॅक्टरमागच्या गाडीत भरू लागल्या. वय पंचाहत्तरीकडे झुकलेले. नऊवारी नव्हे, पण सुती पातळ कमरेला घट्ट खोचलेले, पायांत सुरुचीचे रबरी बूट, डोक्यावर पदर. पहिली गाडी भरली तेव्हा उत्साह होता. दुसरी भरताना सुरुचीच्या तळहातांवर फोड आले. तिसरी अर्धी असतानाच ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि तिच्या पाठीत काहीतरी लचकले. ती हळूच गवतावर बसली, मग आडवी झाली.

"दोन मिनिटं, आई. उठते."

"पड. बोलू नकोस."

मृणालिनीबाईंनी मागे पाहिले. अडीच गाड्या भरून कुरणाचा एक कोपरा तेवढा मोकळा झाला होता. बाकी सगळे गवत तसेच पसरलेले, फिकट हिरवे, वाळलेले, पावसाची वाट पाहत असल्यासारखे. पश्चिमेकडे, डच बाजूला, आभाळ शिशासारखे झाले होते. वारा नव्हता. डुकरांच्या शेडचा वास जमिनीलगत येऊन थांबला होता.

आणि मक्याच्या कडेला, चुन्याच्या दगडापलीकडे, बेर्न्ड उभा होता.

तो सकाळपासून तिथेच होता. मागे त्याचा मोठा ट्रॅक्टर, ट्रॅक्टरला गठ्ठे बांधायचे यंत्र जोडलेले. स्वतःच्या शेतात त्याचे काही काम चाललेले दिसत नव्हते. मका तर अजून कमरेएवढाही नव्हता. तो आभाळाकडे बघे, गवताकडे बघे, मग टायरला टेकून पुन्हा उभा राही.

"गिधाड," मृणालिनीबाई म्हणाल्या.

"आई!"

"गवत कुजलं की कुरण कुणाला मिळणार? त्याला. यंत्र जोडून आणलंय, बघ. आपली हार झाली की लगेच चालू करायला."

"तसं असतं तर पाऊस पडू दिला असता ना त्यानं? घरी बसला असता."

मृणालिनीबाईंना हे पटले नाही. काटा जमिनीत रोवून त्या चुन्याच्या दगडाकडे चालू लागल्या. पाठ धरून सुरुची मागोमाग उठली, कारण त्या काय बोलतील याची तिला धास्ती वाटली. तिची डच बेर्न्डला आणि बेर्न्डची बोली तिला बऱ्यापैकी कळे. त्या भागातले म्हातारे ओढ्याच्या दोन्ही काठांवर एकच जुनी बोली बोलत, आणि देश मात्र दोन.

"त्याला विचार, सकाळपासून इथे काय बघतोस?"

"असं विचारू?"

"असंच विचार."

सुरुचीने विचारले, किती गोड करून, ते देवच जाणे. बेर्न्ड पन्नाशीचा, लाल मानेचा, मंद हालचालींचा माणूस होता. तो थोडकेच बोलला.

"म्हणतो, गवत बघतोय. चांगलं वाळलंय."

"गवत कुणाचं?"

"तुमचं, म्हणतो."

"त्याच्याकडे यंत्र आहे, आभाळ भरलंय, दोन बायका गवतात मरतायत, हे त्याला दिसतं. मग तोंडानं का सांगत नाही, की येतो म्हणून?"

हे मात्र सुरुचीने जसेच्या तसे विचारले असावे, कारण बेर्न्डचे कान लाल झाले. त्याने टोपी काढली, आतून पाहिली, पुन्हा घातली.

"म्हणतो, मला कुणी बोलावलेलं नाही."

मृणालिनीबाईंना गावाकडची इर्जिक आठवली, सगळ्यांनी मिळून एकाचे शेत उरकून देण्याची रीत. इर्जिक घालायची तर घरातले थोर माणूस आदल्या दिवशी स्वतः दारोदार जाई. गड्याला पाठवले, तर बैल दावणीलाच राहत. बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या रानात औत घालणारा माणूस एक तर भिकारी ठरे, नाही तर हक्क सांगणारा. हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांना खटकले ते एवढेच, की हे या लाल मानेच्या माणसालाही ठाऊक होते.

त्यांनी पदर सारखा केला. "त्याला सांग. माझ्या कुरणात ये. जेवण माझ्या घरी."

सुरुचीने सांगितले. बेर्न्ड मान हलवून घराकडे बोट दाखवू लागला.

"म्हणतो, माझ्या वडिलांना सांगा. घर त्यांचं आहे. बोलावणं त्यांना यायला हवं."

"आत्ता? पाऊस डोक्यावर असताना?"

"दोन मिनिटांचं काम आहे, म्हणतो."

मक्याच्या कडेकडेने त्या टेनहागेनांच्या घरी गेल्या. वळणावर दगडी क्रूस होता, त्याच्या पायाशी ताजी फुले. ओढ्याच्या डच काठावर असे क्रूस नव्हते, तिथे पंथ दुसरा. मृणालिनीबाईंनी चालता चालता सवयीने हात जोडले. देव कुणाचाही असो, वाटेवर बसलेल्याला ओळख द्यायची. दारात बेर्न्डची बायको गिसेला भेटली. मागच्या खोलीत खिडकीशी पलंग होता. त्यावर एक म्हातारा नाकाला प्राणवायूची नळी लावून उशांच्या आधाराने बसला होता. हाडे मोठी, मांस संपलेले. खिडकीतून कुरण थेट दिसत होते.

"हाही बघतच होता," मृणालिनीबाई पुटपुटल्या.

मग त्यांनी मोठ्याने, मराठीत, बोलावणे केले. नाव सांगितले, घर सांगितले, काम सांगितले, जेवण सांगितले. सुरुचीने त्याचे भाषांतर केले. म्हाताऱ्याने हात पुढे केला. त्यांनी क्षणभर विचार करून आपला हात त्यात दिला. पकड अनपेक्षित घट्ट होती. तो काही शब्द बोलला.

"काय म्हणाला?"

"उशीर केलात, म्हणाले."

"पाऊस अजून पडलेला नाही, सांग त्याला."

सुरुचीने सांगितल्यावर म्हातारा हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. गिसेलाने पाणी दिले. बेर्न्ड फोन कानाला लावूनच बाहेर पडला होता.

पुढे जे झाले, त्याने मृणालिनीबाईंचा संशय कमी होण्याऐवजी वाढला. त्या कुरणात परत पोचतात न पोचतात तोच जर्मन बाजूने एक ट्रॅक्टर आला, ओढ्याच्या पुलावरून डच बाजूचा दुसरा आला, मागून गिसेलाचा भाऊ लांब ट्रॉली घेऊन आला. गावाकडे इर्जिकीची माणसे जमायला अर्धा दिवस जाई. हे लोक जणू बूट घालूनच बसले होते.

"हे सगळे तयारच होते की काय?"

"असतील, आई. सगळ्यांनाच पाऊस दिसतो."

"पाऊस सगळ्यांना दिसतो. आपल्यासाठी बूट कोण घालून बसतं?"

एका यंत्राने ओळी ओढल्या, दुसऱ्याने त्या गिळून मागून चौकोनी गठ्ठे टाकले. माणसांनी ते दोरीला धरून गुडघ्याच्या धक्क्याने ट्रॉलीवर फेकले. घामाने सदरे पाठीला चिकटले. हातांवर गवताचे ओरखडे उठले. मृणालिनीबाई सर्वांत टोकाच्या चुन्याच्या दगडावर काठी टेकून बसल्या होत्या, आणि कोणाचे चाक कुठून वळते ते पाहत होत्या. शेवटची ट्रॉली पुलावरून गेली तेव्हा पहिले मोठे थेंब पडले. माळ्याचे दार लागले तेव्हा अंगण फेसाळले होते.

जेवणाला पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड आणि ताक होते. गिसेलाने पिशवीतून धान्याच्या दारूची बाटली काढली. सगळ्यांचे डोळे मृणालिनीबाईंकडे वळले. रीत अडली कुठे होती, हे त्या सर्वांना माहीत असावे.

सुरुची हळूच म्हणाली, "आई, एकेक छोटा पेला असतो. मान असतो तो."

मृणालिनीबाईंनी बाटलीकडे पाहिले, बाहेर पावसाकडे पाहिले.

"माझ्या घरात नाही. पण गोठ्याची पडवी गाईंची आहे. तिथे त्यांनी काय प्यावं, हे मी ठरवत नाही."

सुरुचीने हे सांगितले तेव्हा पहिल्यांदा सगळे मोठ्याने हसले. पडवीत पेले वाजले. बेर्न्डने आत येऊन तीन पेले ताक प्यायले आणि ताक चांगले आहे असे सांगितले. मृणालिनीबाईंनी चौथा भरला. पण जाताना त्याने गोठ्यातल्या गाईंवरून, दूध काढण्याच्या यंत्रावरून जी नजर फिरवली, ती त्यांनी टिपून ठेवली.

रविवारी सकाळी बेर्न्ड पुन्हा दारात उभा राहिला. या वेळी काळा कोट होता, आणि टोपी हातात. हरीश अजून झोपला होता. सुरुची बोलत असताना तिचा हात नकळत तोंडाकडे गेला.

"पहाटे वडील गेले त्यांचे."

"बस म्हणावं त्याला." मृणालिनीबाई स्वतः पाणी घेऊन आल्या. "काय हवंय?"

सुरुची विचारत गेली आणि सांगत गेली. सर्वांत जवळच्या घराने, म्हणजे पहिल्या शेजाऱ्याने, इतर घरांना जाऊन बातमी द्यायची. दफन होईपर्यंत त्या घरचे दूध काढणे, गुरेढोरे बघणे याच घराने करायचे, म्हणजे घरच्यांना मृताजवळ बसता येते. पेटी उचलायला जवळच्या घरांतले सहा पुरुष लागतात, त्यातला पहिला याच घरचा.

"आणि त्यांचं सर्वांत जवळचं घर आपलं आहे," सुरुची म्हणाली. "देश वेगळा असला तरी. आधी इथे राहायचे ते डच आजीआजोबा करायचे. ते वृद्धाश्रमात गेले, आपण आलो. आणि आपण कधी..."

मृणालिनीबाई बेर्न्डकडे पाहत होत्या.

"म्हणजे म्हातारा चालला होता, आणि पहिला खांदेकरी नव्हता. मागता येत नव्हतं, कारण आपण बोलावलेलं नव्हतं. म्हणून हा दिवसभर माझ्या गवताच्या काठाला उभा होता. म्हणून ती सगळी गर्दी बूट घालून तयार होती."

"आई, प्लीज. असं नाही हो."

"असंच आहे. मी तेव्हाच म्हटलं होतं, याला काहीतरी हवंय." त्या उठल्या. "हरीशला उठव."

हरीश डोळे चोळत आला, ऐकून घेतले, आणि म्हणाला, "आई, पण बुधवारी माझा रिव्ह्यू आहे. तैवानचे लोक येतायत. आणि मी त्या आजोबांना कधी भेटलोसुद्धा नाही."

"खांदा देताना भेटशील."

"इथे खांद्यावर नेत नाहीत, आई," सुरुची म्हणाली. "कड्यांना धरून, हातांनी."

"मग हातांनी भेटेल. तैवानला सांग, घरात काम आहे."

"घरात?"

"हरीश."

तो फोन घेऊन बाहेर गेला.

त्या दिवसापासून बुधवारपर्यंत टेनहागेनांच्या गोठ्यात, डुकरांच्या शेडमागे बांधलेल्या मोजक्या गाईंपाशी, दोन्ही वेळा सुरुची बसली आणि मृणालिनीबाई उभ्या राहिल्या. बातमी द्यायला मृणालिनीबाई, बोलायला सुरुचीला सोबत घेऊन, घरोघर स्वतः गेल्या. विटांची ती घरे कुंपणांच्या झाडीत एकमेकांपासून लांब उभी होती. प्रत्येक दारात आधी कुत्रे, मग माणूस. गड्याला पाठवायची बातमी ही नव्हे, एवढे त्यांना कळत होते. दोन घरांत लोकांनी त्यांच्या पातळाकडे पाहिले आणि दार पूर्ण उघडले नाही. बातमी ऐकल्यावर उघडले. एका ठिकाणी एक म्हातारी उंबऱ्यावरच रडू लागली. ती आणि मेलेला म्हातारा लहानपणी एकाच वर्गात होते. मृणालिनीबाईंनी तिला धरून आत नेऊन खुर्चीवर बसवले आणि कुणाच्याही परवानगीशिवाय नळावरून पाणी घेतले.

बुधवारी हरीशने पेटीची पुढची कडी धरली. बाकीचे पाचही जण त्याच्याहून वीतभर उंच होते. पावसाने वाट निसरडी झाली होती, आणि चर्चपासून कबरीपर्यंत सगळा भार त्याच्या बाजूला ओघळत राहिला. त्याने कडी सोडली नाही.

नंतर गावच्या खानावळीत कॉफी आणि मनुकांचा पाव होता. बेर्न्ड मृणालिनीबाईंच्या समोर येऊन बसला. त्याने कप बाजूला सारला. मग सुरुचीशी बोलू लागला. बोलणे लांबले. सुरुचीचा चेहरा उतरला.

"काय?"

"आई, ते म्हणतात की तुम्हाला सांगायलाच हवं. बोखोल्टच्या बाईंनी वसंतातच त्यांना फोन केला होता, कुरण घ्याल का म्हणून. ते हो म्हणाले होते. झुडपांचं त्यांनीच सांगितलं होतं."

मृणालिनीबाईंनी कप बशीत ठेवला. आवाज झाला नाही.

"पुढे?"

"आता ते त्या बाईंना कळवणार आहेत, की मला कुरण नको. गवत वेळेवर उचललंय, कुरण आपल्याकडेच राहू द्या, असं सांगणार. पहिल्या शेजाऱ्याची जमीन घेता येत नाही, म्हणतात."

"कधी कळवणार?"

"उद्या."

"त्याला सांग, उद्या दूध काढून झालं की मी त्याच्या स्वयंपाकघरात येते. फोन माझ्यासमोर करायचा."

"आई, आज त्यांच्या वडिलांना..."

"म्हणून तर उद्या म्हटलं."

सुरुचीने डोळे मिटून ते वाक्य सांगितले. बेर्न्डने ऐकले, आणि कामाचा हुकूम घ्यावा तशी मान हलवली.

गुरुवारी त्या गेल्या. गिसेलाने खुर्ची दिली. मागच्या खोलीतला पलंग उचलला गेला होता, आणि खिडकीतून कापलेल्या कुरणावर फुटू लागलेली नवी हिरवळ दिसत होती. बेर्न्ड भिंतीशी उभा राहून फोनवर बोलला. बराच वेळ बोलला, एकदा मोठ्याने, एकदा विनवल्यासारखा. मृणालिनीबाईंना त्यातला शब्द कळला नाही. त्या त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. बांधाच्या भांडणात त्या नेहमी शब्द सोडून चेहराच पाहत आल्या होत्या. त्याने फोन ठेवला आणि अंगठा वर केला.

"कुरण आपलं," सुरुची म्हणाली. "आणखी सहा वर्षं."

"तू त्या बाईचा आवाज ऐकलास?"

"नाही, पण त्यांनी..."

"मग त्याला सांग, परत लाव. या वेळी मोठ्यानं, आवाज सगळ्यांना येईल असा. तू ऐक."

सुरुची लाजेने लालबुंद झाली. गिसेला हसू दाबत ओट्याकडे वळली. बेर्न्डने आधी सुनेकडे, मग सासूकडे पाहिले, टोपीसाठी डोक्याकडे हात नेला, टोपी नव्हती हे त्याच्या लक्षात आले, आणि एक सुस्कारा टाकून तो पुन्हा तोच नंबर फिरवू लागला.